जे. सी. कुमारप्पा : गरजांचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञ

बंगळुरू शहराने मार्च २०२४ मध्ये अनुभवलेली पाणीटंचाई देशभर चर्चेचा विषय ठरली. शहरातील सुमारे १४ हजार सार्वजनिक विंधन विहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या महानगरात टँकरची वाट पाहणाऱ्या रांगा लागल्या. पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास आणि बागांना ते पाणी घालण्यास बंदी झाली. नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणलेल्या पाण्यात आणखी भर पडली. शहराला दिलासा मिळाला, परंतु टंचाईने उभा केलेला प्रश्न मिटला नाही. माणसाला, घराला, शहराला नेमके किती पुरे, हा तो प्रश्न होय.

ज्या कावेरीचे पाणी बंगळुरू पिते, त्याच नदीच्या त्रिभुज प्रदेशात, मराठ्यांच्या राज्यामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या तंजावर येथे जन्मलेल्या एका अर्थतज्ज्ञाने आपले आयुष्य याच प्रश्नाला वाहिले होते. पर्यावरण हा शब्द राजकारणाच्या आणि अर्थकारणाच्या चर्चेत येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी निसर्गाच्या भांडवलाचा हिशेब मांडला. लंडनमध्ये लेखापालाचे शिक्षण घेतलेल्या या तमिळ ख्रिस्ती गृहस्थांची कर्मभूमी मात्र महाराष्ट्रातील वर्धा ही होती. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस असे मूळ नाव असलेले जे. सी. कुमारप्पा ते हेच.

लंडनहून मुंबईकडे

कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरचे वातावरण शिस्तीचे, सुशिक्षित आणि इंग्रजी वळणाचे होते. उच्च शिक्षणासाठी तरुण जोसेफ लंडनला गेले, लेखापरीक्षक झाले आणि पहिल्या महायुद्धाचा काळ त्यांनी तेथेच काढला. १९१९ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईत त्यांनी हिशेबतपासणीचा व्यवसाय सुरू केला. उत्तम शिवलेले विलायती कपडे, उंची राहणी आणि व्यवसायातील चोख प्रतिष्ठा, असे त्यांचे त्या काळातील जीवन होते. राष्ट्रीय चळवळीशी त्यांचा फारसा संबंध नव्हता.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते अमेरिकेत. १९२७ मध्ये ते तिकडे गेले. सिराक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे एका चर्चमध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्याविषयी व्याख्यान दिले आणि त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रात आला. तो वाचून त्यांचे प्राध्यापक, सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे ख्यातनाम अभ्यासक एडविन सेलिग्मन यांनी त्यांना याच विषयावर प्रबंध लिहिण्याचे सुचविले. ब्रिटिश सरकारने भारतात गोळा केलेला कर कोठे खर्च होतो, याचा शोध घेता घेता हा हिशेबनीस राष्ट्रवादी झाला. आकड्यांनीच त्याचे मतपरिवर्तन घडविले. १९२९ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडले आणि कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव पुन्हा धारण केले.

साबरमतीची भेट

प्रबंध प्रकाशित करण्याच्या विचारात असताना कोणीतरी त्यांना गांधीजींचे नाव सुचविले. ९ मे १९२९ रोजी कुमारप्पा साबरमती आश्रमात पोहोचले. भेटीची वेळ झालेली नव्हती, म्हणून हातात काठी घेऊन ते नदीकाठी फेरफटका मारीत होते. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून एक वृद्ध गृहस्थ चरखा चालवीत होते. चरखा कुमारप्पांनी यापूर्वी कधी पाहिलेला नव्हता. कुतूहलाने ते काही वेळ पाहत उभे राहिले. त्या वृद्धाने त्यांचे नाव विचारले, तेव्हा कोठे त्यांच्या ध्यानात आले की आपण ज्यांना भेटावयास आलो, ते हेच. उंची पाटलोणीची पर्वा न करता ते जमिनीवर बसले. कोणी आणून दिलेली खुर्चीही त्यांनी नाकारली.

गांधीजींनी प्रबंध वाचला आणि तो ‘यंग इंडिया’मध्ये क्रमशः प्रसिद्ध करण्याचे ठरविले. त्याचबरोबर त्यांनी या पाहुण्यावर एक काम सोपविले. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करण्याचे ते काम होते. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी पन्नासहून अधिक गावे पायाखाली घातली. शेतकऱ्याचे उत्पन्न, कर्ज, जनावरे, पाणी, सारा यांची घरोघर नोंद केली. सरकारी सारा शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. आजवर कंपन्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने प्रथमच शेतकऱ्याच्या घराचा ताळेबंद मांडला होता.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानंतर ‘यंग इंडिया’चे संपादन त्यांच्याकडे आले आणि पाठोपाठ तुरुंगवासही आला. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदतनिधीचे हिशेब पाहण्यासाठी कुमारप्पांना बोलावण्यात आले. कार्यकर्त्यांच्या जेवणखर्चावर त्यांनी काटेकोर मर्यादा घातली. गांधीजी आपल्या सोबतच्या मंडळींसह बिहारमध्ये आले, तेव्हा त्यांचा खर्च भूकंपग्रस्तांसाठी जमविलेल्या पैशातून देण्यास कुमारप्पांनी नकार दिला. गांधीजींनी तो निर्णय मान्य केला. दुसऱ्याच्या वाट्याचे आपल्या हातून खर्च होऊ नये, हा त्यांचा नियम होता. पुढे हाच नियम त्यांनी मानवजात आणि निसर्ग यांच्यातील व्यवहाराला लावला.

मगनवाडीचे दिवस

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर संघाला दिले. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाची सूत्रे कुमारप्पांकडे आली. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढील सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी स्वतः मगनवाडीत राहत होते. कुमारप्पांचे बंधू भारतन हेही वर्ध्याच्या कामात सामील झाले.

मगनवाडीत जे काम चालले, ते बाहेरून अगदी साधे दिसत असे. लाकडी घाणीत सुधारणा, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, हातकागद, साबण, मधमाश्यापालन, ताडाच्या आणि शिंदीच्या नीरेपासून गूळ. कमी सरपणात स्वयंपाक व्हावा आणि धुराचा त्रास कमी व्हावा, यासाठी मगन चुलीवर प्रयोग झाले. रॉकेलऐवजी गावात निघणाऱ्या वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ तयार करण्यात आला. गावोगावच्या तरुणांना येथे ग्रामसेवक म्हणून शिक्षण मिळत असे. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हे मासिक कुमारप्पा संपादित करीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

या प्रत्येक वस्तूमागे कुमारप्पांचा एक हिशेब असे. तांदळाचेच उदाहरण घेता येईल. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. असाच तांदूळ मुख्य अन्न असलेल्या लोकांत बेरीबेरीसारखा रोग होतो. भात सडण्याची मजुरी गावातील गरीब स्त्रियांना मिळत असे. ती गिरणीच्या मालकाकडे जाते. गिरणीला जळण किंवा तेल लागते, ते बाहेरून आणावे लागते. म्हणजे पांढराशुभ्र दिसणारा तो तांदूळ पौष्टिकता, रोजगार आणि इंधन या तिन्ही खात्यांवर तोट्याचा ठरतो.

गुळाविषयीचा त्यांचा विचार महाराष्ट्राने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ऊस हा उत्तम जमीन आणि भरपूर पाणी मागतो. ताड आणि शिंदी पडीक जमिनीवर, कोणी पाणी न देता वाढतात. गोडासाठी ताडगुळाचा वापर वाढला, तर उसाखालची सुपीक जमीन धान्य, डाळी आणि भाजीपाला यांसाठी मोकळी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. गावाला संतुलित आहारासाठी काय लागते, हे आधी ठरवावे आणि जमिनीचा वापर त्या क्रमाने व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. पैशाच्या पिकांचा विचार त्यानंतर. पुढील काळात महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातही कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर ऊस वाढत गेला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला.

१९३८-३९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. सुमारे सहाशे गावांची माहिती गोळा करून या समितीने अहवाल तयार केला. विदर्भाच्या खेड्यांचे तत्कालीन आर्थिक चित्र त्यातून उभे राहिले. त्याच सुमारास पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. कुमारप्पा तिचे सदस्य झाले, परंतु मोठ्या उद्योगांकडे असलेला समितीचा कल पाहून काही महिन्यांतच ते बाहेर पडले.

तुरुंगात लिहिलेला ग्रंथ

‘छोडो भारत’ चळवळीच्या काळात कुमारप्पांना अटक झाली आणि त्यांची रवानगी जबलपूरच्या तुरुंगात झाली. जग त्या वेळी दुसऱ्या महायुद्धात होरपळत होते. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडत होती. त्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ लिहिला. शाश्वततेचे अर्थशास्त्र असा त्या नावाचा अर्थ होतो. १९४५ मध्ये तो गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. कुमारप्पांना गांधीजी ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हणत, ते याच लेखनामुळे.

या ग्रंथाचा पाया अत्यंत सोपा आहे. निसर्गात दोन प्रकारची संपत्ती असते. एक साठ्याची आणि दुसरी प्रवाहाची. कोळसा, खनिज तेल, लोखंड आणि इतर धातू ही साठ्याची संपत्ती. ती जितकी वापरावी तितकी कमी होते आणि पुन्हा भरून येत नाही. सूर्यप्रकाश, पाऊस, वाहते पाणी, जपून तोडलेले लाकूड, जनावरांचे बळ ही प्रवाहाची संपत्ती. तिचे चक्र माणसाने मोडले नाही, तर ती पिढ्यान् पिढ्या मिळत राहते. जी संस्कृती आपले रोजचे जीवन साठ्यावर उभारते, ती तात्पुरती असते. शिवाय साठा मर्यादित असल्याने त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत झुंज लागते. खनिज तेलासाठी होणारी युद्धे त्यातूनच जन्म घेतात. प्रवाहावर जगणाऱ्या समाजाला शेजाऱ्याशी लढण्याचे कारण उरत नाही. कुमारप्पांच्या विचारात पर्यावरण आणि शांतता हे दोन वेगळे विषय नव्हते.

माणसाच्या व्यवहारांचीही त्यांनी निसर्गातील दाखले देऊन प्रतवारी लावली. वाघ मेंढीला मारून खातो, तेव्हा अन्नाचा उगमच नष्ट होतो. ही परोपजीवी व्यवस्था. माकड आमराईत शिरून फळे खाते, झाड जगते, पण माकडाने झाडासाठी काही केलेले नसते. ही लुटीची व्यवस्था. पक्षी स्वतःचे घरटे स्वतः बांधतो. ही उद्यमाची व्यवस्था. मधमाशी साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करते. ही समूहाची व्यवस्था. आणि पक्षीण पिलांना भरविते, तेव्हा ती परतफेडीची अपेक्षा ठेवीत नाही; ही सेवेची व्यवस्था. समाजाने पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीकडे जावे, यालाच ते प्रगती मानीत.

उंची राहणी म्हणजे काय

कुमारप्पांच्या विचारातील सर्वात धारदार भाग राहणीमानाविषयीचा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत राहणीमान उच्च किंवा नीच असते. ज्याच्याकडे वस्तू अधिक, त्याचे राहणीमान उच्च, असे सरळ गणित असते. कुमारप्पांनी या शब्दांवरच आक्षेप घेतला. वस्तूंच्या संख्येवरून राहणी गुंतागुंतीची आहे की साधी, एवढेच कळते; ती उच्च आहे की नीच, हे त्यावरून ठरत नाही. साधी राहणी अतिशय उच्च असू शकते आणि गुंतागुंतीची राहणी अगदी खालच्या प्रतीची असू शकते. गांधीजींच्या गरजा मोजक्या होत्या, म्हणून त्यांचे जीवन खालच्या दर्जाचे ठरत नाही.

दक्षिणेत केळीच्या पानावर जेवण वाढतात. पान बागेतून येते आणि जेवणानंतर जनावराच्या पोटात किंवा खतात जाते. टेबल, खुर्च्या, टेबलावरचे वस्त्र, चिनी मातीच्या थाळ्या, काटेचमचे आणि ते सारे धुण्याची, पुसण्याची, सांभाळण्याची व्यवस्था यांतून जेवणाची चव वाढत नाही की पोषण वाढत नाही. वाढतात त्या वस्तू आणि त्या वस्तूंसाठी राबणारे हात. गरजा वाढविणे हे व्यापाऱ्याच्या हिताचे असते, म्हणून त्यालाच प्रगती म्हटले जाते, असे निदान त्यांनी केले होते. प्रत्येक नवी गरज माणसाच्या गळ्यात एक नवा दोर बांधते आणि तो दोर दुसऱ्याच्या हातात असतो.

खरेदी ही त्यांच्या दृष्टीने नैतिक कृती होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मळ्यांत सक्तीच्या मजुरीतून पिकलेला कोको जो विकत घेतो, तो त्या सक्तीत भागीदार होतो, असे ते दाखवून देत. वस्तू दुरून आली की ती कशी तयार झाली, कोणाचे शोषण झाले, कोणती जमीन ओसाड पडली, हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून शक्य तितक्या जवळच्या माणसाने तयार केलेली वस्तू घ्यावी. तिच्यामागचे सत्य पारखता येते. स्वदेशीच्या कल्पनेला त्यांनी दिलेला हा अर्थ केवळ देशाभिमानाच्या पलीकडचा होता.

स्वातंत्र्यानंतरची उपेक्षा

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. १९४९ मध्ये सादर झालेल्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि सहकारी शेती यांच्या शिफारशी होत्या. त्यांतील काही पुढे कायद्यांत आल्या, पण देशाच्या अर्थव्यवस्थेची दिशा एव्हाना ठरून गेली होती. मोठी धरणे, पोलाद कारखाने आणि रासायनिक खते यांचे ते युग होते. रासायनिक खत जमिनीला तात्पुरती उत्तेजना देते आणि तिचा कस घालविते, हा कुमारप्पांचा इशारा अन्नटंचाईने गांजलेल्या देशाला ऐकू येणे कठीणच होते.

गांधीजींच्या हत्येचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. रक्तदाबाने प्रकृती ढासळत होती. सत्तेत गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांवर ते परखड टीका करीत आणि त्यामुळे अधिकच एकटे पडत. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी चीन, जपान आणि सोव्हिएत संघ यांचे दौरे केले. तेथील शेतीचे प्रयोग पाहून आल्यावर त्यांनी चीनविषयी आस्थेने लिहिले. काहींनी त्यांना साम्यवादी ठरविले, तर साम्यवाद्यांना ते गांधीवादी वाटत राहिले. वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळ भाषेत शेत. शेती आणि ग्रामोद्योग यांची सांगड घालून एक गावसमूह आपल्या मूलभूत गरजांत स्वयंपूर्ण होऊ शकतो का, याची परीक्षा त्यांना तेथे घ्यावयाची होती. मनुष्यबळ आणि प्रकृती यांच्या अभावी तो प्रयोग फार काळ टिकला नाही.

अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात एका लहानशा घरात काढली. त्या घराच्या भिंतीवर गांधीजींच्या चित्राबरोबर एका गरीब खेडुताचेही चित्र होते आणि गांधीजी आपले गुरू असतील, तर हा खेडूत गुरूंचाही गुरू आहे, असे ते येणाऱ्यांना समजावीत, अशी आठवण सांगितली जाते. ते अविवाहित होते. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे पूर्ण झाली होती.

विचारांच्या मर्यादा

कुमारप्पांच्या विचारांवर घेतले गेलेले आक्षेप दुर्लक्षण्याजोगे नाहीत. खेड्याकडे ते आर्थिक एकक म्हणून पाहत. परंतु भारतीय खेडे हे जातीच्या उतरंडीवर उभे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी शहर आणि कारखाना ही मुक्तीची वाट होती. जातीच्या या प्रश्नाला कुमारप्पांच्या लेखनात पुरेशी जागा मिळाली नाही. त्याचप्रमाणे, पहाटे उठून जात्यावर दळण आणि उखळात कांडण करणाऱ्या स्त्रीला पिठाची गिरणी हा दिलासा वाटला, हेही नाकारता येत नाही. ग्रामोद्योगांतून मिळणारी मजुरी तुटपुंजी राहिली आणि सरकारी अनुदानाशिवाय त्यांतील बहुतेक उद्योग तग धरू शकले नाहीत.

कुमारप्पा यंत्रांचे सरसकट विरोधक होते, हा समज मात्र चुकीचा आहे. जे उद्योग लहान प्रमाणावर चालविता येत नाहीत, ते मोठे असावेत आणि समाजाच्या नियंत्रणाखाली असावेत, असे त्यांचे मत होते. त्यांचा विरोध सत्तेच्या आणि संपत्तीच्या केंद्रीकरणाला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साधेपणाचा उपदेश त्यांनी प्रामुख्याने ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांना केला. उपाशी माणसाने आणखी कमी खावे, असे त्यांनी कधीही सुचविले नाही. मातरच्या शेतकऱ्याचे दारिद्र्य त्यांनी स्वतः मोजले होते. ते दूर करण्यासाठीच त्यांचा सारा खटाटोप होता.

बंगळुरूसमोरचा हिशेब

कुमारप्पांच्या निधनानंतर जग त्यांच्या प्रश्नांकडे हळूहळू वळले. १९७२ मध्ये ‘वाढीच्या मर्यादा’ हा अहवाल क्लब ऑफ रोमसाठी प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये इ. एफ. शूमाकर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ जगभर गाजले. त्यातील बौद्ध अर्थशास्त्रावरील प्रकरणात कुमारप्पांच्या विचारांचा आधार घेतलेला आहे. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकास ही संकल्पना प्रचलित केली, तेव्हा कुमारप्पांच्या ग्रंथाला चार दशके उलटून गेली होती.

बंगळुरू शहरातही एक दुवा सापडतो. येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञानाचा उपयोग करणारे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू झाले. कमी सरपणात चालणारी चूल, शेणापासून गावासाठी वायू आणि वीज, भट्टीत न भाजता तयार केलेल्या मातीच्या विटा, असे विषय देशातील अग्रगण्य प्रयोगशाळेत अभ्यासले गेले. विजेची मागणी वाढतच जाणार हे गृहीत धरून वीजकेंद्रे बांधण्याऐवजी तेच काम कमी विजेत कसे होईल, हे पाहावे, अशी मांडणी रेड्डी यांनी पुढे कर्नाटकसाठी केली. मगनवाडीत हाती घेतलेले चुलीचे आणि दिव्याचे प्रश्न येथे आधुनिक विज्ञानाच्या भाषेत पुन्हा विचारले गेले.

मार्च २०२४ च्या टंचाईकडे कुमारप्पांच्या वहीतून पाहिले, तर चित्र स्पष्ट होते. विंधन विहिरीतून खोलवरचे जे पाणी उपसले गेले, तो अनेक वर्षांत साचलेला साठा होता. दरवर्षी छपरांवर आणि तलावांत पडणारा पाऊस हा प्रवाह होता. जुने बंगळुरू तलावांच्या साखळीवर, म्हणजे प्रवाहावर जगत होते. शहर वाढले, तलाव बुजले, जमीन सिमेंटने झाकली गेली आणि मुरणारे पाणी वाहून जाऊ लागले. साठ्यातून काढणे वाढले आणि भरणा मात्र थांबला. ज्या खात्यातून केवळ पैसे काढले जातात, ते रिकामे होणार हे सांगण्यासाठी लेखापालाची आवश्यकता नसते. परंतु ते वेळेवर सांगणारा लेखापाल कुमारप्पांच्या रूपाने देशाला लाभला होता.

२००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बंगळुरूत ठरावीक आकारापेक्षा मोठ्या भूखंडांवरील घरांना छपरावरील पावसाचे पाणी साठविणे किंवा जमिनीत मुरविणे बंधनकारक करण्यात आले. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी ज्या हिशेबाची सवय कार्यकर्त्यांना लावली, त्याची ही एक छोटीशी नोंद म्हणता येईल. पाऊस छपरावर पडतो तो प्रत्येकाच्या वाट्याचा असतो. त्यातला किती घरात राहतो आणि घरातून किती वाया जातो, हे मोजण्याचे काम मात्र सरकारचे जितके, तितकेच त्या घरात राहणाऱ्याचे आहे.